ज्याची भूक, त्याचं हॉटेल

मुंबईत साधं, चवदार आणि खिशाला झेपणारं जेवण कुठं मिळेल, असं बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात. त्यांना हवी असते नावांची यादी. मी यादी देते, पण सोबत एक प्रश्नही देते: हे हॉटेल मुळात कुणाच्या भुकेसाठी उघडलं होतं? त्याचं उत्तर सापडलं की काय मागवायचं, किती वाजता जायचं आणि कोणत्या दिवशी जायचं नाही, हे आपोआप कळतं. कारण मुंबईतली बहुतेक जुनी खाण्याची ठिकाणं घर सोडून आलेल्या माणसांसाठी निघाली. खोलीत चूल नसलेला गिरणी कामगार, मद्रासकडून येऊन रेल्वेत लागलेला कारकून, कापडबाजारातला गुमास्ता, गोदीतला हमाल. प्रत्येकाची भूक वेगळ्या वेळेची होती, वेगळ्या चवीची होती, आणि पैसे मोजकेच होते.

सुरुवात गिरणगावापासून करायला हवी. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीची कंपनी उभी केली, आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरून गेला. रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून, घाटावरून पुरुष आले. बायकापोरं बहुतेकांची गावीच राहिली. चाळीतल्या एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर वळकटी पसरायची. अशा खोलीत स्वयंपाक कुठून होणार? तो केला शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाईनं. महिन्याचे पैसे ठरवायचे, पगार झाला की ते चुकते करायचे, आणि दोन वेळा तिच्या घरी जाऊन जेवायचं किंवा डबा न्यायचा. मुंबईच्या साध्या जेवणाची ही पहिली पाटी नसलेली हॉटेलं. एक बाई, एक चूल, दहा-वीस खाणारी माणसं.

त्या बाईचं गणित फार बिकट होतं. खाणारे पैसे देणार महिनाअखेरीला, आणि वाण्याकडून तांदूळ-डाळ तर रोज आणायची. म्हणजे उधारी आली, व्याज आलं, दागिना गहाण पडला. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. खानावळवाल्या बायकांना एकत्र आणायचं, एकीनं दुसरीची हमी घ्यायची आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवायचं, अशी ती रीत होती. तारण म्हणून ठेवायला ज्यांच्याकडे काही नव्हतं, त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट. मुंबईच्या खाण्यावर लिहिताना मोठमोठ्या हॉटेलमालकांची नावं घेतली जातात. मला वाटतं, या बायकांचं नाव त्यांच्या आधी घ्यायला हवं. शहराच्या कापडावर ज्यांनी पैसा केला त्यांच्या कामगारांना उभं ठेवलं ते यांच्या भाकरीनं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप लांबत गेला तसे कामगार गावी परतले, आणि खाणाराच गेला म्हटल्यावर खानावळी बसल्या. त्याच काळात कित्येक कामगारांच्या घरांनी रस्त्यावर वडापावच्या गाड्या टाकल्या. वडापावचा उगम सहसा १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांच्याशी जोडला जातो. तो धंदा आधीपासून होताच, पण संपानंतर तो घराघरांचा आधार झाला. उभ्यानं, एका हातात, गाडी पकडायच्या आधी संपणारं हे खाणं आहे. म्हणून वडापाव स्टेशनजवळचाच खावा, आणि तोही गर्दीच्या वेळी, कारण तेव्हा कढईतून काढलेला वडा ताटात पडून राहत नाही.

खानावळीचा वारसा आज सगळ्यात जिवंत आहे तो मालवणी आणि गोमंतकी हॉटेलांत. लालबाग, परळ, दादर, गिरगाव या भागांत अशी हॉटेलं अजून टिकून आहेत. दादरचं 'सिंधुदुर्ग' किंवा 'गोमांतक' ही त्यातली माहितीची नावं. इथं पाहुण्यांची पहिली चूक होते ती वाराची. मासे खाणाऱ्या मराठी माणसाच्या घरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मासळीचे वार. सोमवार, गुरुवार, कुणाचा मंगळवार, कुणाचा शनिवार असे पाळलेले. त्यामुळे या तीन वारांना बाजारातून जास्त माल उचलला जातो आणि तो त्याच दिवशी खपतो. सोमवारी दुपारी पापलेट मागवणाऱ्यानं निदान विचारून तरी घ्यावं.

दुसरी गोष्ट ऋतूची. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा हंगाम आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं त्यामागं आहेत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून कोळी पुन्हा होड्या लोटतात. मधल्या दिवसांत थाळीत जे सुरमई-पापलेट येतं ते बहुधा बर्फातलं किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेलं. या दिवसांत शहाणं गिऱ्हाईक सुक्या मासळीकडे वळतं. सुक्या बोंबलाचं वांगं-बटाटा घालून केलेलं कालवण, सुकटीची चटणी, सोड्यांची खिचडी. कोकणातल्या घरानं पावसाळ्याची बेगमी म्हणून उन्हाळ्यात वाळवून ठेवलेलं हे अन्न. ते ज्या हॉटेलात चांगलं मिळतं तिथली स्वयंपाकाची समज पक्की आहे असं मी मानते.

ताज्या मासळीची पारख करायची तर तळलेला बोंबील मागवावा. बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. साफ करून, मधून चिरून, उघडून तो फडक्यात किंवा दोन पाटांमध्ये घालतात आणि वर वरवंट्यासारखं जड काहीतरी ठेवतात. तास-दोन तासांत पाणी निथळतं, मासा चपटा होतो. मग हळद, मीठ, तिखट, आमसुलाचा आगळ किंवा लिंबू, आणि वरून तांदळाचं पीठ किंवा रवा. हा दाबायचा वेळ ज्यानं दिला नाही त्याचा बोंबील तव्यावर पाणी सोडतो, पीठ सुटतं, आणि ताटात एक मऊ गोळा येतो. ज्यानं दिला त्याचा वरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा. घाईच्या वेळी हे काम करता येत नाही. ते सकाळी करून ठेवावं लागतं. म्हणून बोंबील चांगला असला की सकाळी स्वयंपाकघरात कुणीतरी मन लावून काम केलंय हे कळतं.

सोलकढीचंही तसंच. आमसुलं पाण्यात भिजवून कुस्करायची, ताज्या खोबऱ्याचं दूध काढायचं, लसूण-मिरची ठेचून घालायची, कोथिंबीर. बस्स. तिचा रंग फिकट गुलाबी असतो. फारच भडक गुलाबी दिसली तर शंका घ्यावी. नारळाचं दूध फार वेळ टिकत नाही, त्यामुळे दुपारच्या पहिल्या पंगतीला मिळणारी सोलकढी आणि तीन वाजताची सोलकढी यांत फरक असतो. गिऱ्हाइकानं साडेबाराला जाऊन बसावं यासाठी एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं.

आता माटुंग्याला जाऊ. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि दाटीवाटीची वस्ती मोकळी करण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते, झाडं, तीनमजली इमारती हे त्याच्या आखणीचं फळ. तिथं दक्षिणेकडून आलेली शिकलेली तरुण मंडळी राहू लागली. इंग्रजी आणि टंकलेखन येत असल्यानं त्यांना रेल्वेत, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या मिळत. लग्न व्हायचं असे, किंवा कुटुंब गावी असे. त्यांना सोवळ्याओवळ्याचं, शाकाहारी, घरच्या वळणाचं जेवण हवं होतं आणि ते ऑफिसची गाडी पकडायच्या आत हवं होतं. १९३० आणि ४० च्या दशकांत त्यांच्यासाठी एकामागून एक हॉटेलं निघाली: 'कॅफे मैसूर' १९३६, 'मणीज लंच होम' १९३७, 'रामाश्रय' १९३९, 'कॅफे मद्रास' १९४०, आणि ए. रामा नायक यांचं 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' १९४२.

माटुंगा स्टेशनला लागून असलेल्या मार्केटच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, रामा नायक यांचं बोर्डिंग आजही चालतं. जिना चढून गेलं की आधी कूपन घ्यायचं आणि मग नंबराची वाट बघत बसायचं. ताटातलं जेवण वेगळं आणि केळीच्या पानावरचं पोटभर जेवण वेगळं. वेळ असेल तर पानच घ्यावं. इथं वाढपी तुम्हाला काय हवं ते विचारत बसत नाही. बादल्या आणि डबरे घेऊन तो रांगेतून फिरत असतो, आणि पानातली कोणती जागा रिकामी झाली हे त्याला आधी दिसतं. भात एकदम घेऊन त्यावर सगळं ओतू नये. थोडा भात सांबाराला, थोडा रस्समला, शेवटचा ताकाला. रस्सम पातळ असतं, चिंचेचं, मिऱ्याच्या तिखटाचं. ते भातावर ओतलं की भराभरा खावं लागतं, नाहीतर पानावरून ओघळ धावतो. महाराष्ट्रीय पंगतीची सवय असणाऱ्याला यात वरण-भात, मग आमटी-भात, शेवटी ताक-भात असा आपलाच क्रम दिसतो, आणि तो अनोळखी हॉटेलात एकदम घरचा होऊन जातो.

उडुपी हॉटेलांचा दुसरा चेहरा फोर्टात आहे. कर्नाटकच्या किनारपट्टीवरून कोवळ्या वयात आलेली मुलं इथं टेबलं पुसायची, कपबश्या विसळायची, रात्री हॉटेलातच झोपायची. त्यांच्यासाठी कन्नड समाजानं रात्रशाळा चालवल्या. दिवसा पोऱ्या आणि रात्री विद्यार्थी अशा अवस्थेतून वर आलेले कितीतरी जण पुढं स्वतःच्या हॉटेलाचे मालक झाले. मंगळुरी मासळीची 'लंच होम' ही याच भागातली. १९७३ मध्ये सुरू झालेलं 'महेश लंच होम' सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच्या आगेमागे गल्लीबोळांत छोटी छोटी लंच होम आहेत. बँकेतले, कोर्टातले, विमा कंपनीतले लोक तिथं एक ते दोनमध्ये जेवून जातात. फिश थाळी हवी असेल तर त्याच तासात जावं आणि टेबल कुणाबरोबर तरी वाटून घ्यावं. समोरच्या अनोळखी माणसाच्या ताटात काय आहे हे बघून मागवणं ही फोर्टातली जुनी आणि अतिशय भरवशाची पद्धत आहे.

इराणी हॉटेलांबद्दल इतकं हळहळून लिहिलं गेलंय की ती मुळात कशाला निघाली हेच विसरायला होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द, करमान या भागांतून जरथुष्ट्री कुटुंबं छळाला आणि उपासमारीला कंटाळून मुंबईला आली. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानत, म्हणून ती यांना स्वस्तात मिळाली असं सांगतात. कोपरा मिळाल्यामुळं दोन्ही बाजूंनी उजेड आणि दोन्ही रस्त्यांची वर्दळ मिळाली. पण खरी महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. त्या काळी हॉटेलांच्या पाट्यांवर 'हिंदू', 'ब्राह्मण' असं लिहिलेलं असे आणि कुणी कुठं बसायचं हे जात ठरवत असे. इराण्याच्या संगमरवरी टेबलावर मात्र चहाचे पैसे देणारा कुणीही बसू शके. मुंबईनं एकत्र बसून खायला शिकण्यात या टेबलांचा वाटा मोठा आहे, आणि त्यासाठी मला ही हॉटेलं मोलाची वाटतात.

धोबी तलावचं 'कयानी अँड कंपनी' १९०४ चं. त्याच परिसरात गोव्याच्या गावागावांचे 'कूड' होते, म्हणजे जहाजावर नोकरी धरायला आलेल्या गोंयकारांच्या सामायिक राहण्याच्या जागा. बोटीची वाट बघणारा माणूस सकाळी काय खाणार? चहा, ब्रून-मस्का, फार तर ऑम्लेट. कयानीत आजही सकाळीच जावं. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव. तो चहात बुडवून खाण्यासाठीच आहे, त्याला चावत बसू नये. बॅलार्ड इस्टेटचं 'ब्रिटानिया' १९२३ चं. तो सगळा कचेऱ्यांचा इलाका, त्यामुळं अनेक दशकं ते फक्त दुपारच्या जेवणापुरतं उघडायचं. तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध झाला तो पुढं, मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीनं इराणातून आणलेल्या पाककृतीमुळं. झरेश्क नावाची आंबट लाल फळं त्यासाठी इराणहूनच येतात. कोहिनूर २०१९ मध्ये वारले. उतारवयातही ते टेबलापाशी येऊन ऑर्डर घेत.

पावावाचून मुंबईचं स्वस्त खाणं उभंच राहत नाही. पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आलेला पाव गोव्याच्या बेकऱ्यांनी आणि मग इराण्यांनी मुंबईच्या घराघरांत नेला. मिसळ, भजी, खिमा, पावभाजी, ऑम्लेट, वडा यांतल्या कशाचंही पोटभर जेवण होतं ते लादीपावामुळं. आता पावाच्या भट्ट्यांपुढं मोठा बदल उभा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व तंदूरांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. शहराची हवा बघता तो गरजेचाच होता. पण जुन्या विटांच्या भट्टीची उष्णता चारही बाजूंनी येते आणि रात्रभर टिकते. गॅसच्या किंवा विजेच्या भट्टीत तसंच कवच धरायला कारागिराला पुन्हा हात बसवावा लागेल. शिवाय यंत्राचा खर्च छोट्या बेकरीला परवडायला हवा. त्यांना सोप्या हप्त्यांचं कर्ज आणि सवलत मिळाली नाही, तर हवा सुधारेल पण वडापावचा पाव महाग होईल, आणि तो ज्याच्यासाठी निघाला त्यालाच झेपणार नाही.

काळबादेवीची गुजराती भोजनालयं कापडबाजारातल्या व्यापाऱ्यांसाठी आणि गुमास्त्यांसाठी निघाली. १९४५ चं 'श्री ठाकर भोजनालय' त्यातलंच. तिथं दुपारची झोप अनावर होईल एवढं खाऊ घालतात. भेंडीबाजारात 'नूर मोहम्मदी' १९२३ पासून आहे. नल्ली निहारी हा रात्रभर मंद आचेवर शिजणारा आणि पहाटे खायचा पदार्थ. हाडातला मगज रश्श्यात उतरतो आणि सकाळच्या कष्टाच्या कामाला पुरतो. रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडला जायची हौस सगळ्यांना असते. एखाद्या साध्या दिवशी सकाळी तिथं जाऊन निहारी आणि खमिरी रोटी खाऊन बघा.

दादर-गिरगावच्या मराठी उपाहारगृहांची तऱ्हा आणखी वेगळी. १९१० च्या 'मामा काणे' यांच्यापासून शिवाजी पार्कच्या 'प्रकाश'पर्यंत ही परंपरा येते. इथं पोटभर जेवायला कुणी येत नसे. खरेदीला निघालेल्या बायका, नाटकाला आलेली मंडळी, उपास असलेले लोक यांच्यासाठी साबुदाणा वडा, थालीपीठ, मिसळ, पियुष. एकट्या बाईनं निःसंकोच बसून खावं अशी जागा या शहरात फार पूर्वीपासून मिळाली ती इथं, आणि हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगते.

नवीन ठिकाणी गेल्यावर मी तीन गोष्टी बघते. ज्यांच्यासाठी ते निघालं ती माणसं अजून तिथं जेवतायत का? एखाद्या मालवणी हॉटेलात एकही मालवणी बोलणारा दिसला नाही तर मन साशंक होतं. दुसरं, फळ्यावर किती पदार्थ आहेत. दहा असले तर रोज ताजे होतात. शंभर असले तर फ्रीजमधून येतात. तिसरं, तेल. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक वाढतात, आणि ते २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल वापरायचं नाही असा नियम भारतात २०१८ पासून लागू आहे. आपल्याला ते मोजता येत नाही, पण काळपट, फेसाळणारं, नाकाला झोंबणारं तेल ओळखता येतं. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक भिंतीवर लावणं बंधनकारक आहे, तोही बघावा.

गिरण्या गेल्या, कूड ओस पडत चालले, माटुंग्याच्या एकट्या कारकुनाचं कुटुंब झालं. मग आज या शहरात घरच्या जेवणासाठी कोण अडलेलं आहे? दादर, ठाणे, डोंबिवली, बोरिवलीच्या स्टेशनबाहेर संध्याकाळी पोळी-भाजी केंद्रांपुढं रांग लागते ती बघा. नवरा-बायको दोघंही नोकरीवरून परतताना चार पोळ्या, एक उसळ, पावशेर आमटी घेऊन जातात. जवळच राहणारे एकटे वृद्ध येतात, नवी नोकरी लागलेली मुलं-मुली येतात. आत पुन्हा त्याच बायका आहेत, बचत गटातल्या, शेगडीपुढं उभ्या, पिठाचे गोळे करणाऱ्या. पाहुण्यांना दाखवायच्या यादीत ही केंद्रं कधी येत नाहीत, पण मुंबईतलं सगळ्यात प्रामाणिक स्वस्त जेवण मला इथंच मिळालं आहे. सातच्या सुमाराला जावं, ताजी पोळी तव्यावरून उतरत असते. गवारीची भाजी किंवा मटकीची उसळ असेल तर आधी ती घ्यावी, कारण साडेआठच्या गाडीची माणसं आली की ती संपते.